ऐनवेळचा विषय : फिलाडेल्फिया-वॉशिंग्टनचे तीन दिवस

सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं ग्रामसेवक म्हणून काढली. नोकरीत सगळ्यात जास्त काय केलं असेल तर सभा लावल्या आणि सभांचं प्रोसिडिंग लिहिलं. त्यामुळे न्यू जर्सीला मुलाकडे गेल्यावर त्याने "बाबा, नायगारा की ऑरलँडो?" असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, ते तुम्ही पोरं बघा. मला ती सभेची खोली दाखव.

"कुठली सभा?"

"यांची राज्यघटना ज्या सभेत झाली ती. १७८७ ची."

सूनबाई हसली, पण तिकिटं तिनेच रात्री बसून काढली. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, शुक्रवार ते रविवार. दोन दिवस फिलाडेल्फिया, तिसऱ्या दिवशी वॉशिंग्टन. गाडीत मुलगा, सून, आठ वर्षांची नात, मी आणि आमची ही. हिच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणीचं तिखट आणि आणखी एक वस्तू होती, ती आम्हाला नंतर कळली.

पहिला दिवस, शुक्रवार

तिकीट साडेनऊचं होतं. ती सभा झाली त्या इंडिपेंडन्स हॉलच्या आवारात शिरण्याआधी सामान तपासतात. सगळ्यांच्या पिशव्या यंत्रातून सुटल्या, हिची थांबली. रखवालदाराने आत हात घालून अडकित्ता बाहेर काढला. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. हे काय आहे, असं त्याने अगदी शांतपणे विचारलं. मुलगा सांगायला लागला आणि सुपारीला इंग्रजीत नेमकं काय म्हणतात यावर नवरा-बायकोत तिथेच चर्चा सुरू झाली. "अहो, आजेसासूबाईंचा अडकित्ता आहे तो, बॉम्ब नाही!" ही मलाच ऐकवत होती, जणू काही मीच तो पकडला होता. मुलगा धावत पार्किंगमध्ये जाऊन तो गाडीत ठेवून आला, तोवर आमची तुकडी आत गेली होती. चूक सर्वस्वी आमची. मोठ्या काठाची टोपी घातलेल्या रेंजर बाई, म्हणजे तिथल्या सरकारी मार्गदर्शक, भल्या होत्या, त्यांनी पुढच्या तुकडीत घेतलं.

(जाणाऱ्यांसाठी : आत जायला पैसे नाहीत, पण वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, त्याचा माणशी एक डॉलर पडतो. सुट्टीच्या दिवसात ती तिकिटं लवकर संपतात. दिलेल्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी पोचा. चाकू, कात्री, अडकित्ता गाडीत. आणि बाथरूमचं काम व्हिजिटर सेंटरमध्येच उरकून घ्या.)

आधी एक कोर्टाची खोली दाखवतात. मग समोरच्या दारातून ती खोली. मी दारातच थबकलो. आमच्या पंचायत समितीचं सभागृह हिच्यापेक्षा मोठं आहे! फिकट रंगाच्या भिंती, उंच खिडक्या, हिरवं कापड अंथरलेली टेबलं अर्धवर्तुळात मांडलेली, त्यावर पिसांच्या लेखण्या, मेणबत्त्या, जाडजूड पुस्तकं. बहुतेक सामान त्या काळचं असलं तरी त्या सभेतलं नाही. अस्सल आहे ती समोरच्या चौथऱ्यावरची अध्यक्षांची खुर्ची. जॉर्ज वॉशिंग्टन हिच्यावर बसले. पाठीच्या वरच्या टोकाला अर्धा सूर्य कोरलाय, सोनेरी किरणांचा, त्याला डोळे आणि नाकसुद्धा आहे. हा सूर्य उगवतोय की मावळतोय ते सभा संपेपर्यंत कळत नव्हतं, आता कळलं की उगवतोय, असं ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन शेवटच्या दिवशी म्हणाले होते. ही गोष्ट ऐकल्यावर नात म्हणाली, "आजोबा, तो तर झोपेतून उठल्यासारखा दिसतो."

पण मला खुर्चीपेक्षा सभेचं कामकाज समजून घ्यायचं होतं. रेंजर बाई सांगत गेल्या, मुलगा मराठीत करत गेला आणि मला आपलं गाव दिसत गेलं. सभा बोलावली होती १४ मेला. त्या दिवशी आले फक्त व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांचे लोक. कोरम सात राज्यांचा. तो व्हायला २५ मे उजाडला. आमच्याकडे ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यात जो आकडा कमी तो कोरम, आणि तोही होत नाही म्हणून सभा तहकूब करायची, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. त्यांना ती सोय नव्हती. आदल्या वर्षी ॲनापोलिसला अशीच एक सभा भरवली, १३ पैकी पाचच राज्यांचे लोक आले, तेव्हा पुढच्या सभेची शिफारस करून घरी गेले होते. ऱ्होड आयलंडने तर फिलाडेल्फियाला शेवटपर्यंत माणूसच पाठवला नाही. न्यू हॅम्पशायरचे दोघे आले २३ जुलैला, कारण त्यांच्या सरकारकडे प्रवासखर्चाला पैसे नव्हते. शेवटी त्यांच्यातल्या जॉन लँग्डन यांनी पदरचे घातले. प्रवासभत्त्याचं बिल कधी मंजूर झालं ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

आता खरी गंमत. ही सभा बोलावली होती ती जुन्या कराराची दुरुस्ती करायला, आणि "फक्त तेवढ्याच" कामासाठी, असं त्यांच्या काँग्रेसच्या फेब्रुवारीतल्या ठरावात स्पष्ट लिहिलं होतं. तो जुना करार, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, १७८१ पासून चालू होता आणि अगदी पांगळा होता. केंद्राला कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे नुसती मागणी करायची, दिलं तर दिलं. दुरुस्ती करायची तर १३ च्या १३ राज्यांचा होकार हवा. त्यात मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेज या जुन्या सैनिकाच्या मागे उभं राहून कोर्टं बंद पाडली, म्हणजे जप्तीचे निकाल लागायला नकोत. सावकार आणि जमीनदार घाबरले. तर दुरुस्तीला बसलेल्या या मंडळींनी चार महिन्यांत अख्खी नवी घटनाच लिहून टाकली. आमच्या प्रत्येक विषयपत्रिकेत शेवटी एक ओळ असते : "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." गावातली निम्मी भांडणं त्या ओळीतून येतात. अमेरिकेचं सरकारच त्या ओळीतून आलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी मुलाकरवी विचारलं, प्रोसिडिंग कोण लिहीत होतं? रेंजर बाईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, सगळे जवळच्या लिबर्टी बेलची, त्या प्रसिद्ध घंटेची, चीर कधी पडली ते विचारतात, हे कुणी विचारत नाही. सचिव होते विल्यम जॅक्सन. त्यांनी ठराव आणि मतं तेवढी लिहिली, कोण काय बोललं ते नाही. शिवाय सभा संपल्यावर सुटे कागद जाळून टाकले. मी मनातल्या मनात जॅक्सनला नापास केलं. खरं टिपण ठेवलं ते व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसन यांनी. हे बुटके गृहस्थ अध्यक्षांच्या समोर, बाकीचे सभासद डाव्या-उजव्या हाताला अशा जागी बसायचे, एक दिवस चुकवला नाही, दिवसभर खुणांनी टिपायचं आणि नंतर बसून नीट लिहायचं. ते टिपण छापलं गेलं १८४० मध्ये, ते वारल्यावर चार वर्षांनी. तोवर आत नेमकं काय झालं ते बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं, कारण सभा बंद दाराआड. एकदा एका सभासदाचा मसुद्याचा कागद पडलेला सापडला. वॉशिंग्टन यांनी दिवसअखेर सगळ्यांना झापलं, कागद टेबलावर टाकला, ज्याचा असेल त्याने घ्यावा म्हणाले आणि निघून गेले. कुणीही तो उचलला नाही. मला आमचे एक गटविकास अधिकारी आठवले.

तिथून चालत रीडिंग टर्मिनल मार्केटला गेलो. १८९३ पासूनचं हे मार्केट, जुन्या रेल्वे स्टेशनाच्या पोटात. आमिश लोकांच्या, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, दुकानात डोक्याला पांढरी टोपी बांधलेल्या मुली पिठाची लांब वळी करत होत्या, हवेतच पीळ देऊन टेबलावर आपटत होत्या आणि प्रेट्झेल तयार. भट्टीतून निघाल्यावर वितळलेल्या लोण्यात बुचकळतात. "कडबोळंच की हे! पण मऊ पडलेलं," हिचा शेरा. पहिला घास खाल्ल्यावर मात्र गप्प. मोहरीच्या पिवळ्या चटणीऐवजी आम्ही लसणीचं तिखट लावून खाल्लं. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मागून घेतलं, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा मागून घेतलं. (आमिश दुकानं रविवारी बंद असतात आणि दुपारनंतर लवकर आवरतात. दोनच्या आत जा.)

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी लिबर्टी बेल बघायला निघालो, आणि घंटेच्या रांगेआधी वाटेत लागलेल्या एका जागेनेच माझा दिवस खाल्ला. चौकात छप्पर नसलेलं घर आहे. नुसत्या अर्ध्या भिंती, दारं-खिडक्यांच्या चौकटी, आणि एका ठिकाणी काचेखाली जमिनीतला जुना पाया. १७९० ते १८०० फिलाडेल्फिया राजधानी होती तेव्हा राष्ट्राध्यक्ष इथे राहायचे. वॉशिंग्टन यांच्या घरात नऊ गुलाम होते. त्यांची नावं दगडी भिंतीत कोरली आहेत. ओनी जज, हर्क्युलिस, मॉल, ऑस्टिन, पॅरिस...

पेनसिल्व्हेनियात १७८० सालचा कायदा होता : बाहेरच्या माणसाने गुलाम आणला आणि तो सहा महिने इथे राहिला की त्याला सुटका मागता येई. म्हणून वॉशिंग्टन सहा महिने भरायच्या आत त्यांना आळीपाळीने राज्याबाहेर पाठवायचे. हे ऐकलं आणि माझ्या पोटात कालवलं. रोजंदारीवरच्या माणसाचे २४० दिवस भरून त्याचा नोकरीवर हक्क लागू नये म्हणून मध्येच ब्रेक द्यायचा, हे मी हजेरीपत्रकावर स्वतःच्या हाताने केलंय, वरून सांगितलं म्हणून. तुलना तोकडी आहे, मला कळतं. पण हिशोब करायची पद्धत ओळखीची वाटली.

ओनी जज १७९६ च्या मे महिन्यात, घरातली माणसं जेवायला बसली असताना, दारातून निघून गेली. जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टन यांनी तिला परत आणायचे प्रयत्न केले, जमलं नाही. ती १८४८ पर्यंत जगली, कायद्याच्या कागदावर मात्र शेवटपर्यंत पळालेली गुलामच. आदल्या दिवशी बघितलेल्या खोलीत जे लिहिलं गेलं त्यात 'गुलाम' हा शब्दच नाही. "इतर व्यक्ती" असं म्हटलंय. आणि राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना अशा पाच जणांना तीन माणसं धरायचं. मतदानाला शून्य, मोजणीला तीन पंचमांश. दक्षिणेच्या राज्यांना त्यांची मोजदाद हवी होती, त्यांचं मत नको होतं. शब्द टाळून अर्थ ठेवायचा, ही कला मी मंत्रालयाच्या परिपत्रकात खूप वाचलीय.

भिंतीपाशी एक वयस्कर काळे गृहस्थ नातवाला एकेक नाव वाचायला लावत होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले. मी मुलाला म्हटलं, यांना सांग, आमच्याकडच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना सोडवलं त्यांना. त्या गृहस्थांनी दोनदा साल विचारून घेतलं. मग मोबाइल पुढे केला, नाव लिहून द्या म्हणाले. मुलाने इंग्रजीत लिहिलं, त्याखाली मी देवनागरीत लिहिलं. नातवाने ते अक्षर बघून विचारलं, ही रेघ वर का असते? याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

घंटा बघितली. चीर आहे, गर्दी आहे, फोटो आहेत. एकच गोष्ट सांगण्यासारखी : घंटेवर 'पेनसिल्व्हेनिया'च्या स्पेलिंगमध्ये एक 'एन' कमी आहे. ती नातीने शोधली, मी नाही.

दुपारी असा पाऊस कोसळला की थेट नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये घुसलो. (इथे तिकीट आहे आणि ते वसूल होतं. मुलं बरोबर असतील तर निदान तीन तास ठेवा.) समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत घटनेची सुरुवात : 'वी द पीपल'. मसुद्यात आधी "आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स..." अशी राज्यांची यादीच होती. पण घटना लागू व्हायला नऊ राज्यं पुरेशी ठरवली आणि कुठली नऊ येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून शेवटचा हात फिरवताना गव्हर्नर मॉरिस यांनी यादी काढली आणि नुसते लोक ठेवले. गव्हर्नर हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे, यात मीही फसलो होतो. भिजलेल्या कपड्यांनी भिंतीकडे बघत मी म्हणून गेलो, "आम्ही, भारताचे लोक..." दर २६ नोव्हेंबरला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उद्देशिकेचं वाचन घ्यायचो, जीभ आपोआप वळते. हिने मागून "भारताचे एक सार्वभौम" जोडलं. नात बघतच राहिली.

आत एका दालनात ४२ माणसं उभी आहेत. काशाचे पुतळे, खऱ्या उंचीचे, चौथऱ्याशिवाय, आपण त्यांच्यातून हिंडायचं. फ्रँकलिन बसलेले आहेत, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून ठेवून लोकांनी तो चकचकीत केलाय. ४२ पैकी ३९ सही करणारे आणि तिघे सही नाकारणारे : एल्ब्रिज गेरी, एडमंड रँडॉल्फ, जॉर्ज मेसन. ही सही करण्यापेक्षा मी उजवा हात तोडून घेईन, असं मेसन ऑगस्टच्या शेवटी सभेत म्हणाले होते. त्यांची मोठी तक्रार ही की माणसाच्या हक्कांची यादी कुठे आहे? त्या वेळी कुणी ऐकलं नाही. ती यादी आली १७९१ मध्ये, पहिल्या दहा दुरुस्त्या म्हणून. विरोधी मत नोंदवून घ्यायला टाळाटाळ करणारे सरपंच मी पाहिलेत, इथे विरोध करणाऱ्यांना बाकीच्यांच्या शेजारी उभं केलंय. मी मेसनसोबत फोटो काढून घेतला.

आणखी एक. सह्या ३९, पण सही करणारे हात ३८. जॉन डिकिन्सन आजारी पडून गेले होते, त्यांच्या सांगण्यावरून जॉर्ज रीड यांनी त्यांचीही सही ठोकली. आमच्याकडे याला निलंबन आहे.

तिसरा दिवस, रविवार

पहाटे निघालो, बाल्टिमोरला चहा, अकराच्या सुमारास वॉशिंग्टन. नॅशनल आर्काइव्ह्जच्या पायऱ्या बघून हिचे गुडघे बोलायला लागले, पण पर्यटकांची वाट जमिनीच्या पातळीवरच्या दारातून आहे, हे बरं. अडकित्ता गाडीतच होता, हिने स्वतःहून तीनदा तपासून सांगितलं. (प्रवेश फुकट. ऑनलाइन वेळ घेतलीत तर डॉलर जातो, रांग वाचते. आत फोटो अजिबात नाही.)

गोल घुमटाचं दालन, उजेड मुद्दाम मंद. स्वातंत्र्याचा जाहीरनामा तर इतका पुसट झालाय की विश्वासावरच वाचायचा. घटनेची चार पानं मात्र ठसठशीत. चामड्याची पानं, आमच्या घरपट्टीच्या नमुना नंबर ८ च्या रजिस्टरपेक्षा मोठी, जाड काचेखाली, आत आर्गॉन वायू. अक्षर जेकब शॅलस यांचं, पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेतले साहाय्यक कारकून. १५ सप्टेंबरच्या शनिवारी सभेचं काम संपलं, सोमवारी सकाळी सह्यांना प्रत तयार हवी. शनिवार-रविवार बसून त्यांनी ही चार पानं उतरवली. मिळाले ३० डॉलर. त्यांचं नाव कुठेच नाही.

चौथ्या पानापाशी गर्दी सह्यांसाठी असते. सह्यांशेजारची राज्यांची नावं न्यूयॉर्कचे सभासद अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी लिहिली आणि तिथेही पेनसिल्व्हेनियाचा तोच एक 'एन' गायब. नातीने आनंदाने काचेवर बोट टेकवलं, पहारेकऱ्याने खाकरून आठवण दिली.

मी मात्र डावीकडे खाली, सह्यांच्या शेजारी बघत होतो. बारीक अक्षरातला एक परिच्छेद आहे, कुणीच थांबून वाचत नाही. मुलाला म्हटलं, वाच बरं. तो वाचत गेला : पहिल्या पानाच्या सातव्या आणि आठव्या ओळींच्या मध्ये एक शब्द वर घातला आहे, पंधराव्या ओळीत 'थर्टी' हा शब्द काही अंशी खोडलेल्या जागेवर लिहिला आहे, आणखी दोन ठिकाणी शब्द मध्ये घातले आहेत. त्या 'थर्टी'ची गोष्ट अशी की ४० हजार लोकांमागे एक प्रतिनिधी असं ठरलं होतं, आणि सह्यांच्या दिवशीच ते ३० हजार करा अशी सूचना आली. एरवी गप्प बसणारे वॉशिंग्टन त्या वेळी तिच्या बाजूने उठून बोलले. मग लिहून झालेल्या चामड्यावर खरवडून 'थर्टी' करावं लागलं.

म्हणजे खाडाखोड. आणि खाली ती खाडाखोड ओळ-पान देऊन मान्य केलेली, आणि तिच्याखाली साक्षांकनाची सही. ३१ वर्षं हेच केलं मी : "ओळ क्र. अमुकमधील खाडाखोड मान्य." सही बघितली. विल्यम जॅक्सन, सचिव. कागद जाळणारा तोच. शुक्रवारचा निकाल मी तिथल्या तिथे फिरवला.

नात माझ्या बाहीला धरून उंच होऊन बघत होती. "आजोबा, हा कोण? हा पण प्रेसिडेंट होता?"

"नाही गं," मी म्हटलं, "हा ग्रामसेवक."